अडकित्ता सध्या कोणाकडे?

मराठीच्या कोशांत 'ढापणे' या क्रियापदाला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. पहिला अर्थ झाकणे. दुसरा चोरणे, लांबवणे. आणि या दुसऱ्या अर्थापुढे कंसात 'ग्राम्य'. बाबालाल शिकलगार सरांनी या शब्दाला अर्धं आयुष्य दिलं, आणि त्यांचा सगळा राग त्या कंसावर होता. "ग्राम्य म्हणं! ह्यांनी गावात एक रात्र तरी काढलीया का?" असं म्हणून ते कोश असा मिटत, की टेबलावरचा खडूचा भुगा समोरच्याच्या चहात पडावा. समोर बहुधा मी असे.

ते आमच्या कॉलेजात मराठी शिकवत, मी इतिहास. अमरावतीहून नोकरीसाठी मी कोल्हापुरात आलो तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं. पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या दारात घुटमळलो तर खिडकीपाशी बसलेला एक उंच, सडसडीत गृहस्थ म्हणाला, "या पावणं, बसा." काळा कोट, पांढरी विजार, पानानं रंगलेले ओठ. दिवाळीपर्यंत आपण 'पावणं' राहू आणि मग आपल्याला नाव मिळेल, असा माझा अंदाज होता. तो चुकला. सरांच्या तोंडी मी शेवटपर्यंत पावणंच राहिलो. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात हे ठीक आहे, पण ओळख होऊन इतकी वर्षं झाल्यावरही म्हणतात, तेव्हा माणूस विचारात पडतो.

सरांचं घराणं शिकलगारांचं. आजोबांपर्यंत तलवारींना धार लावली जात होती. वडिलांच्या वाट्याला विळ्या, कात्र्या आणि अडकित्ते आले. "आनि माझ्या वाट्याला बी. ए. भाग एक," सर म्हणत. वर्गात त्यांची मराठी छापील पुस्तकासारखी असे. वर्गाबाहेर पाऊल पडलं की ती कोट काढून ठेवी.

नव्या वर्गावरचा त्यांचा पहिला तास मी एकदा बाहेरच्या व्हरांड्यातून ऐकला आहे. आत शिरताच त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाचं पेन उचललं, खिशाला लावलं आणि शिकवायला लागले. तासाची घंटा होत आली तेव्हा म्हणाले, "मघाशी या वर्गात काय घडलं?"

थोडी चुळबुळ झाली. मग तो मुलगाच उठला. "सर, तुम्ही माझं पेन ढापलं."

"चोरलं का नाही म्हणालास?"

"सर, तुम्ही समोरच उचललंत की."

"निम्मी व्याख्या झाली. बस."

उरलेली निम्मी ते सांगत नसत. पेनही परत देत नसत. तो मुलगा पुढे वर्षभर सरांच्या खिशाला आपलं पेन बघत हिंडायचा आणि इतरांना दाखवायचाही. त्याच्या चेहऱ्यावर नुकसान झाल्याची खूण नसे. उलट आपलं पेन गेलं नाही म्हणून बाकीची मुलं जरा खट्टू असत.

चोरीच्या शब्दांची सरांनी लावलेली उतरंड स्टाफरूममध्ये प्रसिद्ध होती. चोरीला अंधार लागतो आणि लांबवायला गर्दी. डल्ला खायच्या वस्तूवरच पडतो. लाटायला संस्था लागते. हडपायला जमीन लागते, आणि जमीन हडपायला आधी निवडून यावं लागतं. अपहार फक्त वर्तमानपत्रात होतो आणि तो करणारा माणूस नेहमी 'तत्कालीन' असतो. इथवर आल्यावर सर सुपारीचं खांड गालात सरकवत आणि म्हणत, "ढापायला मातर मैतर लागतो."

त्या काळात आम्हाला एक प्राचार्य लाभले होते. ते स्वतःच्या खोलीत शिरतानाही उद्‌घाटनाला आल्यासारखे शिरत. एकदा त्यांच्या टेबलावरची पितळी घंटी नाहीशी झाली. झालं! 'संस्थेच्या मालमत्तेचा अपहार' अशी नोटीस लागली, चौकशी समिती नेमली गेली आणि शब्दांचा अधिकारी माणूस म्हणून तिचं अध्यक्षपद शिकलगार सरांकडे आलं. सरांनी एका दुपारी प्राचार्यांचं कपाट उघडायला लावलं. सत्कारांत मिळालेल्या शालींचा ढीग होता, त्याच्या तळाशी घंटी निघाली. बहुधा शालींबरोबर त्यांनी स्वतःच आत ठेवली होती. अहवालात सरांनी लिहिलं, 'सदर घंटी चोरीस गेलेली नव्हती किंवा लांबवली गेलेली नव्हती. ती कोणी ढापली असण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण प्राचार्यांचे काही ढापावे इतकी त्यांची कोणाशीही ओळख नाही.' प्राचार्यांनी हा अहवाल मोठ्या समाधानानं स्वीकारला. आपण कोणाला जवळ येऊ देत नाही, हे त्यात प्रशस्तिपत्रासारखं नोंदलं गेलं, असं त्यांना वाटलं.

शब्द कुठून आला, हे शोधण्याची सरांची रीत म्हणजे भेटेल त्याला विचारणं. कागदावर काही उतरवत नसत. एका संध्याकाळी आम्ही स्टेशनसमोर टांग्याला थांबलो होतो. टांगेवाला घोड्याच्या तोंडावरचा साज बदलत होता.

"काय मामा," सर म्हणाले, "ढापनं म्हंजे काय वो?"

"कुनी काय ढापलं तुमचं, मास्तर?"

"न्हाय, शबूद कुठनं आला म्हनतो मी."

टांगेवाल्यानं घोड्याच्या डोळ्यांशेजारची चामड्याची झापडं बोटानं उचलून दाखवली. "ह्ये काय की. ढापनं. ह्ये बांधली की जनावराला आजूबाजूचं दिसत न्हाय. तसं मानसाला दिसू न देता उचलायचं, त्ये ढापनं."

पटण्याजोगं होतं. मी तसं म्हणालोही. घरी उतरताना सर म्हणाले, "पावणं, एक गोष्ट ध्येनात घ्या. ढापनं चोराच्या हाताला बांधत न्हाईत. ज्याचं जातंय त्याच्या डोळ्याला बांधत्यात."

याचा अर्थ मला कळला तो पांडबा चौगुल्यांच्या गुऱ्हाळावर.

पांडबा म्हणजे सरांचे शाळेपासूनचे मित्र. घर शुक्रवार पेठेत, मळा नदीपलीकडे. गडी आडवा, आवाज उभा. हिवाळ्यात गुऱ्हाळ सुरू झालं की सर दर रविवारी तिकडे जात. एका रविवारी मलाही घेऊन गेले. आम्हाला बांधावर बघताच पांडबांनी रस उकळायच्या चुलवाणापाशी उभं राहून आरोळी ठोकली, "या या! ओ पावणं, तुमच्या घड्याळावर हात ठेवा. ह्यो बाबल्या चोर हाय चोर! बापाच्यानं सांगतो!"

"तुझ्या मळ्यात चोरण्याजोगं काय हाय रं पांड्या? चिपाडं?"

"चिपाडं बी मोजून ठेवल्यात. बस!"

पुढ्यात रस आला, गरम गूळ आला. गुऱ्हाळावर आलेल्याला पोटभर खाऊ घालायचं, पैशाचं नाव काढायचं नाही, ही तिथली रीत. खाऊन झाल्यावर पांडबांनी कमरेची चंची सोडली, सुपारी काढली आणि एक अडकित्ता काढला. पितळी मुठीचा, मुठीवर पोपटाची चोच. पातं सरांच्या वडिलांनी बसवलेलं. मूठ वापरून इतकी गुळगुळीत झाली होती की पोपटाला आता फक्त चोचच उरली होती. पांडबांनी सरांच्या डोळ्यांसमोर धरून सुपारी कातरली, खांड त्यांच्या हातावर ठेवलं आणि अडकित्ता बाजेवर, दोघांच्या मधोमध टाकला. मग एकदम उठले. "थांबा, काहिलीकडं बघून येतो. त्यो गुळव्या झोपला असंल." आणि पाठ फिरवून निघाले.

गुळव्या चांगला जागा होता आणि उकळत्या रसावरची मळी काढत होता. पांडबा त्याच्याशेजारी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. कारण नसताना त्याला चार शिव्या दिल्या. मग आभाळाकडे बघितलं. मग मोटेच्या बैलांची चौकशी केली. इकडे सरांनी अडकित्ता उचलला, शांतपणे कोटाच्या खिशात टाकला आणि मला म्हणाले, "चला."

निघताना पांडबांनी बाजेवर नजर टाकली, खिशाच्या फुगवट्यावर टाकली आणि म्हणाले, "पुढच्या ऐतवारी ये रं." त्यांच्या तोंडावर असा काही आनंद होता, की लुटलेल्या माणसाच्या तोंडावर मी तो दुसऱ्यांदा पाहिला नाही.

वाटेत मी विचारलं. सरांनी सांगितलं ते असं. शाळेत असताना पांडबांनी सरांच्या वडिलांच्या दुकानातून हा अडकित्ता उचलला. सर तणतणत त्यांच्या घरी गेले तर पांडबा ओसरीवर बसून त्याच अडकित्त्यानं आजीला सुपारी कातरून देत होते. हे माझं हाय, असं सर म्हणाले. व्हय की, ने की मग, असं पांडबा म्हणाले आणि पाठ करून उभे राहिले. सरांनी उचलला. पुढच्या आठवड्यात पांडबा दुकानात आले आणि सर पाठ करून उभे राहिले. तेव्हापासून हे चालू होतं. लग्नं झाली, मुलं झाली, दोघांचे बाप गेले, अडकित्ता जात येत राहिला. नियम कुणी ठरवले नाहीत, पण पक्के होते. मागायचं नाही. द्यायचं नाही. घरात माणूस नसताना उचलायचं नाही, ती चोरी. आणि ढापलेली वस्तू लपवायची नाही, मालकासमोर वापरायची. अडकित्ता ज्याच्याकडे नाही त्याची बारी, म्हणजे जाण्याची पाळी त्याची.

"दिलं की फिटलं बगा," सर म्हणाले. "फिटलं की संपलं. ढापल्यालं फिटत न्हाय. म्हनून तर जावं लागतंय, यावं लागतंय."

त्या दिवशी घरी आल्यावर माझी नजर दाराच्या कोपऱ्यातल्या छत्रीवर गेली. वेताच्या वाकड्या मुठीची काळी छत्री, अमरावतीहून आणलेली. पावसाळ्यात सर ती माझ्याकडून कितीदा तरी मागून नेत. मागून! आणि दुसऱ्या दिवशी वाळवून, घडी घालून, बंद लावून परत आणून देत. वर 'आभारी हाय' म्हणत. तोवर मला हा त्यांच्या सज्जनपणाचा पुरावा वाटत होता. आता त्या नीट घडी घातलेल्या छत्रीकडे बघवेना.

सत्तरचं दशक उताराला लागलं तेव्हा पांडबा गेले. ऊस तोडणीच्या दिवसांत, मळ्यातच, उभ्या उभ्या. बातमी आली तेव्हा सर वर्गात होते. तास पुरा करूनच बाहेर आले. कोटाचे दोन्ही खिसे चाचपले आणि मला म्हणाले, "त्याच्याकडं हाय, पावणं. बारी माझी हाय."

भेटायला गेलो तेव्हा बाहेरच्या सोप्यातल्या कोनाड्यात पानाच्या डब्याशेजारी अडकित्ता दिसत होता. घर माणसांनी भरलं होतं. सर त्याच्याकडे बघत बसले आणि तसेच उठले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "घ्यायचा होतात."

"कुनाचा? पाठ कोन फिरवनार?"

मग त्यांनीच उत्तर दिलं. "आता उचलला तर चोरी. मागितला तर भीक."

पांडबांचा मुलगा बाळासाहेब हा मनानं चांगला माणूस. तोवर तो गावच्या दूधसंस्थेचा चेअरमन झाला होता. हे पद माणसाला चांगुलपणा माईकवरून करायची सवय लावतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यानं मांडव घातला, व्यासपीठ उभारलं, पाहुणे बोलावले. कार्यक्रमपत्रिकेत 'ऋणानुबंध सन्मान' असं काहीतरी होतं. सरांना पुढे बोलावून शाल घातली, नारळ दिला. मग बाळासाहेबांनी मखमलीची एक पेटी उघडून श्रोत्यांना दाखवली. आत अडकित्ता. त्याला निकेलचा मुलामा दिलेला. पोपटाच्या चोचीपासून पात्यापर्यंत सगळा आरशासारखा चकाकत होता.

"आमच्या आबांच्या आणि सरांच्या पवित्र मैत्रीचं हे प्रतीक," बाळासाहेब माईकमध्ये म्हणाले, "आज मी सरांना कायमचं अर्पण करतो!"

टाळ्या झाल्या. बायकांत पुढे बसलेल्या पांडबांच्या पत्नी, सगळ्यांच्या वैनी, यांनी पदराचा शेव दातांत धरला. त्यांना हुंदका आला असं सगळ्यांना वाटलं. कोनाड्यातला अडकित्ता उचलताना आईला विचारावं, हे मुलाला सुचलं नव्हतं.

सर माईकसमोर उभे राहिले. मग त्यांच्या वर्गातल्या छापील मराठीत म्हणाले, "पांडबानं मला आयुष्यात कधी काहीही दिलं नाही. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे." एवढंच म्हणून बसले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालकानं 'सरांचा हा विनय' वगैरे म्हटलं.

घरी जाताना सरांच्या हातात नारळ होता, अंगावर शाल होती, पेटी नव्हती. ती खुर्चीखाली राहिली होती. दुसऱ्या दिवशी दूधसंस्थेच्या जीपचा ड्रायव्हर पेटी घेऊन सरांच्या घरी हजर. पुढच्या आठवड्यात सर शुक्रवार पेठेत जाऊन आले आणि पेटी पुन्हा तिथंच विसरले. पुन्हा जीप आली. तिसऱ्या वेळी बाळासाहेब स्वतः आले. मी तिथं बसलो होतो. पडलेल्या चेहऱ्यानं ते म्हणाले, "सर, आमचं काय चुकलं काय?"

"न्हाय बाळ. तुझं कायबी चुकलं न्हाय."

"मग घ्या की ओ हे. आबांची आठवण म्हणून दिलं. तुम्ही सारखं ठेवून येताय, लोक काय म्हणतील?"

सर त्याच्याकडे मायेनं बघत राहिले. त्याला समजावून सांगता आलं असतं, पण समजावून सांगितलेली ढापाढापी ती काय? "ठेव तिथं फळीवर," ते म्हणाले.

पेटी फळीवर राहिली. सरांनी सुपारी सोडली. ओठ फिकट दिसू लागले. स्टाफरूममध्ये नवा कोश आला, तो त्यांनी उघडला नाही. आणि एक दिवस माझ्या वर्गातला एक विद्यार्थी घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आला. "सर, शिकलगार सरांना बरं नाही काय?"

"का?"

"त्यांनी माझं पेन परत दिलं."

ईद आली. मी शीरखुर्म्याला त्यांच्याकडे गेलो होतो. आम्ही खातो आहोत तोवर दारात वैनी उभ्या. नऊवारी लुगडं, काखेत गुळाची लहान ढेप. पांडबा होते तोवर दर ईदेला ते यायचे, त्या घर सोडून फारशा कुठे जात नसत.

"ईद मुबारक, भावजी," त्या म्हणाल्या आणि ढेप सरांच्या पत्नीच्या हातात देऊन बाजेवर बसल्या. शीरखुर्मा खाल्ला, गोड कमी झालंय असं सांगितलं. मग म्हणाल्या, "सुपारी हाय का वो?"

"हाय. मी सोडलीया."

"मी कुटं सोडलीया? कातरायला द्या की."

सरांनी फळीवरची पेटी काढून त्यांच्यापुढे ठेवली. वैनींनी झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं. "काय करून ठेवलंय ह्या पोरानं! आरशागत. कुंकू लावायचं का ह्यात बघून?" सुपारी धरून दाबली. कातरली नाही. "धार बी गेली." त्यांनी अडकित्ता पेटीत परत ठेवला नाही. बाजेवर, स्वतःच्या नि सरांच्या मध्ये ठेवला.

मग वैनी म्हणाल्या, "भावजी, त्या क्यालिंडरात बगा जरा. आमोशा कवा हाय?"

आदल्या संध्याकाळीच ईदचा चंद्र दिसला होता. अमावास्या नुकतीच होऊन गेली, हे त्या घरातल्या प्रत्येकाला, मलासुद्धा, ठाऊक होतं. शिवाय भिंतीवरचं कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. सर उठले. आमच्याकडे पाठ करून कॅलेंडरासमोर उभे राहिले आणि एकेका तारखेवरून बोट फिरवत राहिले. इकडे वैनींनी घाई न करता अडकित्ता उचलून ओच्यात खोवला, वरून पदर नीट केला आणि खाकरल्या.

"परवा हाय, वैनी," सर भिंतीला म्हणाले.

"बरं. येतो मग भावजी. सुपारीचं बगतो घरी जाऊन."

त्या गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत सर तसेच उभे होते. मग वळले, रिकाम्या पेटीत बघितलं आणि वर्षभरात ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले, "पावणं! ढापला की ओ!" डोळे वाहत होते आणि माणूस हसत होता. ईदेच्या दिवशी त्यांच्या घरात दुसरं काही सांगायची गरज उरली नाही.

पुढच्याच रविवारी ते शुक्रवार पेठेत गेले. वैनींनी चुलीतल्या राखेनं घासघासून निकेल उतरवलं होतं. पितळ पुन्हा दिसायला लागलं होतं. पात्याला कुठून तरी धारही लावून आणली होती. सरांच्या डोळ्यांसमोर धरून त्यांनी सुपारी कातरली, खांड त्यांच्या हातावर ठेवलं आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेल्या. चुलीवर दूध नव्हतं म्हणे. सरांचे ओठ पुन्हा रंगले. पहिल्या बाकावरची पेनं पुन्हा जायला लागली. बाळासाहेबांना मात्र अखेरपर्यंत कळलं नाही, की आपण समारंभानं अर्पण केलेली वस्तू आपल्याच घरात मधूनच कशी दिसते आणि मधूनच कशी नाहीशी होते.

असं आणखी काही वर्षं चाललं. सर निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी गेल्या. गुडघे बोलायला लागले, तेव्हा हुबळीला दिलेल्या मुलीनं येऊन त्यांना कायमचं घेऊन जायचं ठरलं. अडकित्ता त्या वेळी वैनींकडे होता. जाण्याआधी एकदा शुक्रवार पेठेत जाऊन यायचं का, असं मी विचारलं. म्हटलं, मी रिक्षा आणतो.

"खुळं काय पावणं?" ते म्हणाले. "बारी शिल्लक ठेवून जावं मानसानं. परत यायला काय तर कारण नगं?"

ते परत आले नाहीत. दुसऱ्या वर्षी हुबळीहून निरोप आला. वैनींना सांगायला मी गेलो. त्या सोप्यात बसून सुपारी कातरत होत्या. ऐकून हातातलं काम थांबलं. अडकित्ता त्यांनी पदरानं पुसला आणि कोनाड्यात ठेवला. बाळासाहेबांची सून तो उचलून आत ठेवायला निघाली तशा म्हणाल्या, "असू दे गं तितंच. बारी त्यांची हाय."

मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्याकडे वस्तू होती आणि बारी सरांची; माझ्या दाराचा कोपरा मात्र रिकामा आहे. हुबळीला जाण्याच्या दोन दिवस आधी सर माझ्या घरी आले होते. हिवाळ्यातली दुपार. जिना चढून आले, खुर्चीत टेकले, दम खाल्ला. इकडचं तिकडचं बोललो. कोशातला तो कंस नव्या आवृत्तीतही तसाच आहे, असं मी सांगितलं. "असू दे," ते म्हणाले. मग खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "पावणं, चहा टाका की."

मी स्वयंपाकघरात गेलो. घरी कोणी नव्हतं. आधण ठेवलं, साखर टाकली, पत्ती टाकली. बाहेर खुर्ची करकरली. दाराच्या कोपऱ्याकडे सावकाश जाणारी पावलं ऐकू आली आणि मग छत्रीच्या काड्यांचा एक बारीक आवाज. तो मी पुरता ओळखत होतो. चहा उकळला होता. मी दाराकडे पाठ करून उभा राहिलो आणि उकळलेला चहा ढवळत राहिलो. कपाटातून बशा काढल्या, पुसल्या, परत ठेवल्या, पुन्हा काढल्या. चहा पार काळा झाला तेव्हा बाहेर आलो.

सर खुर्चीत बसले होते. छत्री त्यांच्या मांडीवर आडवी होती. तो कडू चहा त्यांनी चवीनं प्यायला. निघताना छत्रीच टेकत जिना उतरले आणि खालून म्हणाले, "येतो, पावणं."

ती परत ढापून आणायची बारी माझी आहे. हुबळी काही लांब नाही, पुढच्या सुट्टीत जाऊ, असं मी म्हणत राहिलो.

त्या दुपारी सर जिना उतरल्यावर मी गॅलरीत आलो. सर रस्त्याच्या कडेनं चालले होते, एकेक पाऊल जपून टाकत. कोपऱ्यावर थांबले. ऊन लख्ख होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्यांनी छत्री उघडली, नीट डोक्यावर धरली आणि मागे न बघता, मला दिसेल अशी उंच धरून, गर्दीत शिरले.